उंबरठ्यावरचा संवाद
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शाळेचा हीरक महोत्सव म्हटला की इमारतींची, निकालांची, नामवंत माजी विद्यार्थ्यांची गणती होते; आणि ती व्हावीच. परंतु या साऱ्या गणतीच्या मुळाशी असलेल्या एका प्रसंगाची नोंद कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही. सकाळची वेळ असते. तीन वर्षांचे मूल आईचा पदर घट्ट धरून बालवर्गाच्या उंबरठ्यावर उभे असते. आतून बाई हात पुढे करतात, आई एकेक बोट सोडवते, आणि मूल एका हातातून दुसऱ्या हातात जाते. त्या अर्ध्या मिनिटात दोन मोठी माणसे एकमेकांना काय सांगतात आणि काय सांगायचे राहून जाते, यावर त्या मुलाचा दिवस ठरतो. अशा शेकडो दिवसांतूनच पुढे त्याचा शाळेवरचा विश्वास किंवा अविश्वास ठरत असतो.

बालसंगोपनाच्या दर्जाचा विचार या उंबरठ्यावरून करायचा, तर चेन्नई या शहराकडे पाहणे उपयुक्त ठरते. मराठी शाळेच्या व्यासपीठावर तमिळ राजधानीचे नाव का घ्यावे, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास त्याचे उत्तर दोनशे वर्षांहून अधिक जुने आहे. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांनी १८०१ साली मद्रासच्या इंग्रज सत्तेच्या प्रतिनिधीला एक पत्र लिहिले. आपल्या राज्यातील छत्रांचा, म्हणजे यात्रेकरू व निराधार यांच्यासाठी चालणाऱ्या अन्नछत्रांचा, कारभार आणि त्यांचे उत्पन्न सुरक्षित राहावे, हा त्या पत्राचा हेतू होता. छत्रांत काय काय होते, याचे वर्णन करताना राजांनी नमूद केले आहे, की तेथे तान्ह्या मुलांना दूध मिळते, मुलांना शिकविण्याची सोय आहे, गरोदर स्त्रियांची काळजी घेतली जाते, आणि छत्रात प्रसूत झालेल्या स्त्रीला औषधोपचार होऊन तीन महिने तेथे राहण्याची मुभा असते. दूध, औषध, आसरा आणि अक्षरओळख या चार गोष्टी तेथे एकाच छपराखाली होत्या. आज 'संगोपन' एका खात्याकडे आणि 'शिक्षण' दुसऱ्या खात्याकडे गेले असले, तरी लहान मुलाला हा भेद ठाऊक नसतो. भुकेले मूल गोष्ट ऐकत नाही, आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही त्या मुलाच्या अंगी खाल्लेले अन्नही पुरते लागत नाही.

यानंतरचा मोठा प्रसंग खुद्द मद्रासमधला. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून मारिया माँटेसरी आपला मुलगा मारिओ यांच्यासह अड्यारला आल्या. त्यांच्या पहिल्या प्रशिक्षणवर्गाला देशभरातून तीनशेहून अधिक शिक्षक जमले. काही महिन्यांचा बेत होता. पण महायुद्ध पेटलेले होते. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच हे इटालियन पाहुणे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. माँटेसरीबाईंच्या हालचालींवर निर्बंध आले आणि मारिओ यांची रवानगी अहमदनगरच्या स्थानबद्धता छावणीत झाली. ३१ ऑगस्ट १९४० रोजी बाईंनी सत्तरी पूर्ण केली, तेव्हा वाढदिवसाची भेट म्हणून व्हाइसरॉयने त्यांचा मुलगा त्यांना परत दिला. मुलापासून दुरावणे म्हणजे काय, हे बालशिक्षणाच्या या आचार्येने सत्तराव्या वर्षी स्वतः अनुभवले. पुढे युद्ध संपेपर्यंत त्यांचे वास्तव्य भारतातच राहिले.

माँटेसरी म्हटले की लोकांना गुलाबी मनोरा, मण्यांच्या माळा, खरकागदाची अक्षरे आठवतात. त्यांच्या पहिल्या बालगृहाच्या भिंतीवर लावलेले नियम मात्र सहसा कोणी आठवत नाही. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत हे बालगृह सुरू झाले. ते चाळीसारख्या इमारतीतच होते आणि त्याची संचालिका त्याच इमारतीत राहत असे. आईबापांकडून फी घेतली जात नसे. त्यांच्याकडून काही कर्तव्यांची मात्र अपेक्षा होती. मूल ठरल्या वेळी, स्वच्छ अंगाने आणि स्वच्छ कपड्यांत पाठवावे. संचालिकेशी आदराने वागावे. आणि आठवड्यातून निदान एकदा आईने तिला भेटून मुलाच्या घरच्या वागण्याविषयी सांगावे व तिचा सल्ला ऐकावा. जे पालक आपल्या वागण्याने हे शैक्षणिक काम मोडून काढतील, त्यांच्या मुलाला काढून टाकण्याचीही तरतूद होती.

या नियमांत एक थोर गोष्ट आहे आणि एक उणीवही आहे. थोर गोष्ट ही, की आठवड्याची भेट हा उपचार मानलेला नव्हता. ती शिक्षणाचाच भाग होती. घरी मूल कसे झोपते, कशाला घाबरते, कोणाच्या मांडीवर बसते, हे कळल्याखेरीज बालगृहातील कोणतेही साधन त्या मुलाच्या हाती नेमके पडणार नाही, हे माँटेसरींनी ओळखले होते. संचालिका त्याच इमारतीत राहत असल्यामुळे दिवसभर राबणाऱ्या आईलाही जिना चढून तिला भेटणे शक्य होते; भेटीचा नियम करणाऱ्याने भेटीची सोयही केली होती. उणीव ही, की सल्ल्याचा प्रवाह एकाच दिशेने वाहत होता. आईने माहिती द्यायची, संचालिकेने उपदेश करायचा. चुकले तर शिक्षा मुलाला. आजही अनेक पालकसभांचे रूप असेच असते: व्यासपीठावरून सूचना, खाली मान डोलावणे, शेवटी चहा.

ही उणीव भरून काढण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्या मातीत झाला, याचा मराठी माणसाला अभिमान वाटावा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. माँटेसरींचे विचार त्यांनी देशी साधनांत, देशी गाण्यांत आणि देशी खर्चात बसविले. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, जो भाग आता पालघर जिल्ह्यात येतो, त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले, आणि अनुताई वाघ त्यांच्या कार्यात सामील झाल्या. बालवाडी उघडली तरी गावातील सर्वांत गरीब वस्त्यांतील मुले येईनात. अशा वेळी पालकांना दोष देणे सोपे होते. ताराबाईंनी आणि अनुताईंनी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊ-माखू घालणे, नखे काढणे, गाणी, गोष्टी, खेळ, सारे आयांच्या डोळ्यांदेखत चाले. जे सभेत सांगून पटले नसते, ते अंगणात पाहून पटले. 'अंगणवाडी' हा शब्द तेथून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागल्या, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

१९७५ मध्ये २ ऑक्टोबरला देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज तमिळनाडूत ५४ हजारांहून अधिक अंगणवाड्या आहेत. चेन्नईच्या एखाद्या गल्लीत तमिळ लिपीत 'अंगन्वाडी मैयम्' असा फलक दिसतो, तेव्हा बोर्डीच्या अंगणाचे नाव त्या भिंतीवर लिहिलेले असते. प्रश्न इतकाच, की नावाबरोबर अंगण गेले का? आईच्या डोळ्यांदेखत चालणारे काम आता बंद दारामागे तर गेले नाही ना?

तमिळनाडूने या प्रश्नाला एका बाबतीत फार चांगले उत्तर दिले. १९८० मध्ये मदुरै जिल्ह्यातून तेथे एकात्मिक पोषण प्रकल्प सुरू झाला. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांचे दरमहा वजन करायचे, ते वाढीच्या तक्त्यावर टिंबाने नोंदवायचे आणि टिंबे जोडून रेघ काढायची, ही त्याची साधी रीत होती. ज्याची रेघ वर चढायची थांबली, त्या मुलाला काही काळ, साधारण ९० दिवस, पूरक आहार द्यायचा आणि रेघ पुन्हा चढू लागली की थांबवायचा. काम करणारी सेविका त्याच गावची असे, आणि तिच्याभोवती गावातील स्त्रियांचे गट उभे केले जात. दोनच वर्षांनी, १ जुलै १९८२ रोजी, मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांच्या काळात मध्यान्ह भोजनाची योजना व्यापक झाली आणि बालकेंद्रांतील दोन वर्षांवरील मुलेही तिच्या पंगतीला बसली.

या कामाचे मर्म आहारात होते, तसेच त्या रेघेत होते. मूल रोज डोळ्यांसमोर असले की त्याची खुंटलेली वाढ आईला दिसत नाही. सेविकेने नुसते तोंडाने सांगितले तर तो दोषारोप वाटतो. तक्त्यावरची रेघ दोघीही एकाच वेळी पाहतात. तेथे 'तुमचे चुकले' हे वाक्य गळून पडते आणि 'आता काय करायचे' हा प्रश्न उरतो. पालक आणि बालशिक्षिका यांच्या सहकार्याचा पाया हाच आहे: दोघांनी एकाच गोष्टीकडे पाहावे, एकमेकांकडे बोट दाखवत बसू नये. वजनाला काटा आहे. भाषेला, धिटाईला, मैत्रीला काटा नाही; म्हणून तेथे नोंदवही लागते. 'आज प्रथमच दुसऱ्याला चेंडू दिला', 'गोष्टीत पुढे काय झाले असे विचारले', 'दुपारी झोपेत दचकला' अशा दोन-दोन ओळींच्या नोंदी महिनाभर झाल्या आणि त्या आईवडिलांसमोर ठेवून बोलणे झाले, तर ती वहीच मुलाच्या वाढीची रेघ होते. आणि त्या वहीत घरूनही दोन ओळी आल्या पाहिजेत. नाहीतर ती पुन्हा एका दिशेचीच होते.

चेन्नईशी जोडलेले आणखी एक नाव येथे घ्यावेच लागेल. मीना स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९७२ मध्ये शालापूर्व बालकाच्या विकासाविषयी अहवाल दिला, आणि पुढे आलेल्या बालविकास योजनेच्या विचाराला त्यातून बळ मिळाले. त्यांच्या उत्तरायुष्यातील बरेच काम चेन्नईतून झाले. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. गरीब कष्टकरी स्त्रियांच्या मुलांना कोण सांभाळते, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. त्यांनी दाखवून दिले, की पाळणाघराशी तिघींचे हित बांधलेले असते: कामावर जाणारी आई, सांभाळले जाणारे बाळ, आणि बाळाला सांभाळण्यासाठी शाळा सोडणारी त्याची थोरली बहीण. कोसबाडला पाळणाघर आणि शाळा शेजारी-शेजारी का होती, याचा उलगडा येथे होतो. धाकट्याला कडेवर घेऊन आलेल्या बहिणीचे हात मोकळे झाल्यावाचून तिच्या हातात पाटी येणार नव्हती.

या तिघींच्या पंक्तीला चौथीही बसवायला हवी: सांभाळणारी बाई. देशात बहुतेक ठिकाणी अंगणवाडी सेविकेच्या मोबदल्याला पगार म्हणत नाहीत, 'मानधन' म्हणतात. त्यात मान किती आणि धन किती, हे तीच जाणे. खाजगी बालवर्गांतही सर्वांत कमी वेतन बहुधा सर्वांत लहान मुलांच्या बाईंनाच असते. दर्जाची मागणी करणाऱ्या पालकाने हे विसरून चालणार नाही. २०१३ च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणाबरोबर जे दर्जाचे निकष आले, त्यांत तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक आणि तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असे प्रमाण आहे. एका बाईंच्या हाती चाळीस मुले असतील, तर त्या कितीही प्रेमळ असल्या तरी कोणत्या मुलाने डबा खाल्ला नाही हे त्यांना सांगता येणार नाही. तेव्हा 'माझ्या मुलाकडे लक्ष द्या' असे बाईंना म्हणणाऱ्या पालकाने 'बाईंच्या वर्गात मुले किती?' हा प्रश्न व्यवस्थापनालाही विचारावा. तो प्रश्न बाई स्वतः विचारू शकत नाहीत. पालक विचारू शकतात. सहकार्याचा हा भाग क्वचितच बोलून दाखविला जातो.

कायद्यानेही उंबरठ्याचा विचार केलेला आहे. २०१७ मध्ये सुधारलेल्या मातृत्व लाभ कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. या चार भेटींत दूध पाजणे आहे, तसेच सांभाळणाऱ्या बाईंशी चार शब्द बोलण्याचा हक्कही आहे. चेन्नईच्या जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि तेथे नोकरीसाठी आलेल्यांत मराठी तरुण जोडपीही आहेत. आजी-आजोबा पुण्यात, सांगलीत किंवा नागपुरात, मूल पाळणाघरात. मुलाचे चित्र आईच्या फोनवर दिवसभर दिसते अशीही सोय आता झाली आहे. पण चित्रात दिसते ते मूल गप्प का आहे, हे चित्र सांगत नाही. ते बाई सांगू शकतात, जर त्यांना कोणी विचारले तर. आणि सतत पाहिले जाण्याच्या धास्तीने त्यांनी बोलणेच सोडले नसेल तर.

अशा घरांत भाषेचा प्रश्नही उंबरठ्यावरच उभा राहतो. घरात मराठी, पाळणाघरात तमिळ, फलकावर इंग्रजी. मूल 'दुखतंय' म्हणते आणि आयाबाईंना ते कळत नाही, त्या 'वलिक्कुदा?' असे विचारतात आणि मुलाला ते कळत नाही. येथे मोठ्या धोरणाची वाट पाहण्याची गरज नाही. आईने दहा शब्दांची यादी लिहून द्यावी: पाणी, भूक, शू, शी, झोप, दुखतंय, भीती वाटते, आजी, घरी, नको. बाईंनी त्यासमोर आपले शब्द लिहावेत: पाण्याला 'तण्णी', भूक लागली तर 'पसिक्कुदु', दुखते तर 'वलिक्कुदु'. कागदाची एक प्रत घरी, एक पाळणाघरात. पंधरा दिवसांत मूल दोन्ही भाषांत पाणी मागू लागते. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आपल्या घरची बोली या नव्या जागी परकी नाही, हे त्याला उमगते. ज्या मराठी शाळांत आज कन्नड, हिंदी, तेलुगू किंवा आदिवासी बोली बोलणाऱ्या घरांतील मुले येतात, त्या शाळांनाही हा कागद तितकाच उपयोगी आहे.

सहकार्याची खरी कसोटी मात्र सुरळीत दिवशी लागत नाही. समजा, एक मूल संध्याकाळी घरी येते आणि त्याच्या दंडावर दाताचे वण असतात. आईचा जीव तुटतो. बाईंना वाटते, आता नोकरीवर येणार. ज्या शाळेत पूर्वीचे बोलणे नसते, तेथे लपवाछपवी, आरडाओरड आणि तक्रारअर्ज या क्रमाने गोष्टी घडतात. आणि ज्याने चावा घेतला त्या मुलावर कायमचा शिक्का बसतो. जेथे रोजचा संवाद असतो, तेथे बाई आई येण्यापूर्वीच निरोप धाडतात: काय झाले, कधी झाले, काय उपचार केला. चावणाऱ्या मुलाच्या घरीही विचारणा होते, आणि कदाचित कळते, की घरात नवे बाळ आले आहे, किंवा त्याला अजून शब्द सापडत नाहीत म्हणून तो दात वापरतो. दोन्ही मुले त्या वर्गात राहतात. संवाद नसेल, तर त्यांतले एक जाते.

दुसरी कसोटी अक्षरांची. तीन वर्षांच्या मुलाची वही कोरी दिसली की पालक अस्वस्थ होतात. शेजारच्या मुलाने शंभरपर्यंत अंक गिरवलेले असतात. बालशिक्षिकेला ठाऊक असते, की बोटांना आधी माती, मणी, कात्री, दोरा हवा आणि कानांना आधी गाणी व गोष्टी. पण तिने हे सांगायचे कोणाला? पालकांना नाराज केले तर पट घसरतो, या भीतीने ती गुपचूप गिरवायला देते, आणि दोघांच्या संकोचाची किंमत मूल भरते. यावर बोर्डीचाच उपाय आहे: अंगण उघडे ठेवणे. महिन्यातून एक सकाळ पालकांनी वर्गात बसावे. आईने आणि वडिलांनीही. आपले मूल ठोकळ्यांचा पूल बांधताना किती वेळा मोजते, किती वेळा अडखळते आणि कोणाची मदत मागते, हे ज्या बापाने पाहिले, तो कोऱ्या वहीला रिकामे म्हणणार नाही. आणि शिक्षिकेनेही ऐकावे: सुतार बाप लाकडाविषयी, मासळीवाली आई समुद्राविषयी, आजी ओव्यांविषयी जे जाणते, ते तिच्या प्रशिक्षणात नव्हते. सभेची वेळ मजुरी बुडवणारी नसावी. सूचना वाचता न येणाऱ्या पालकाला ती कोणीतरी सांगावी. आणि तक्रार करणाऱ्याच्या मुलाला त्याचा त्रास होणार नाही, हा शब्द शाळेने द्यावा व पाळावा.

मराठीत 'आया' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. पोर्तुगीजांकडून आलेला 'आया' म्हणजे मूल सांभाळणारी बाई. तमिळमध्येही तो याच अर्थाने रुळला आहे. आणि मराठीत 'आई'चे अनेकवचनही 'आया'च. दोन शब्दांची कुळे वेगळी, रूप एक. जन्म देणारी आणि दिवसभर सांभाळणारी, या दोघींना भाषेने नकळत एका नावाने हाक मारली आहे. त्या दोघी उंबरठ्यावर एकमेकींशी बोलल्या, तरच ते नाव खरे ठरते.

साठ वर्षांपूर्वी या शाळेच्या उंबरठ्यावर रडलेले मूल आज नातवाचे बोट धरून त्याच उंबरठ्यावर येत असेल. त्याला आपल्या बाईंनी शिकवलेले धडे आठवणार नाहीत कदाचित. पण त्या दिवशी आपला हात कोणी कसा धरला होता, हे आठवेल. उद्या सकाळी शाळा भरेल, तेव्हा आईने जाण्याची घाई अर्धे मिनिट आवरावी, बाईंनी हजेरीपट अर्धे मिनिट बाजूला ठेवावा, आणि रात्री मूल नीट झोपले का, एवढे विचारण्या-सांगण्यापासून हीरक महोत्सवानंतरच्या वर्षाचा आरंभ व्हावा.